उंच माणसाची पहिली क्रूझर: मीटिऑर ३५० आणि तिच्या आसपासच्या गाड्या

क्रूझर, म्हणजे बुटक्या सीटची, पाय पुढं सोडून बसायची मोटारसायकल, घ्यायला शोरूममध्ये पाऊल टाकलं की सेल्समन पहिल्यांदा सीटची उंची सांगतो. रॉयल एनफिल्डच्या मीटिऑर ३५० ची ७६५ मिलिमीटर, त्यांच्याच सुपर मीटिऑर ६५० ची ७४०, बजाज अव्हेंजर २२० ची ७३७, कावासाकी एलिमिनेटरची ७३५. पाच फूट चार इंचाच्या माणसासाठी हे आकडे मोलाचे आहेत, कारण सिग्नलला त्याचे पाय नीट टेकले पाहिजेत. माझी उंची सहा फूट दोन इंच आहे. माझे पाय कुठल्याही गाडीवरून टेकतात. ते उचलून फूटरेस्टवर ठेवले की खरी अडचण सुरू होते: गुडघा किती दुमडतोय, मांडी सीटला लागतेय की हवेत आहे, आणि सगळा भार माकडहाडावर येतोय का. या तीन गोष्टी कुठल्याही माहितीपत्रकात छापलेल्या नसतात.

आता मी नेमका कुठं फिरतो ते सांगतो, म्हणजे माझं मत कुठून आलंय ते कळेल. सांगली जिल्ह्यात भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. मोजणीसाठी जत, कवठेमहांकाळ, तासगाव असं फिरणं असतं. अर्धा रस्ता डांबरी, पुढं पाणंद, आणि शेवटचा तुकडा बऱ्याचदा उसाच्या कडेनं बांधावरून. इतकी वर्षं दीडशे सीसीची साधी गाडी होती. ती बिचारी कधी अडली नाही, पण लांबच्या गावाहून परत येताना गुडघे आखडायचे आणि उतरल्यावर दोन मिनिटं उभं राहून पाय मोकळे करावे लागायचे. चाळिशी आली, पोरगी कॉलेजला गेली, तेव्हा ठरवलं की आता पाय पुढं सोडून बसता येईल अशी गाडी घ्यायची. खिशात टेप असतोच. तो घेऊनच मी शोरूम फिरलो, आणि ज्याला उंचीचा त्रास आहे त्यानं तसंच फिरावं असं मनापासून सांगतो.

पहिलं माप घरीच घ्यायचं. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, जाडसर पुस्तक दोन्ही मांड्यांमध्ये वरपर्यंत दाबून धरायचं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. माझं माप ३५ इंच येतं. दोन माणसं सहा फूट दोन इंचांची असली तरी एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचं धड लांब असू शकतं, आणि त्यांना लागणाऱ्या गाड्या वेगळ्या असतात. लांब पायांना सीट आणि फूटरेस्ट यांत अंतर हवं. लांब धडाला हँडल उंच आणि जवळ हवं, आणि पुढं वारा अडवायला लावलेल्या काचेचा त्रास त्यालाच जास्त. दुसरं माप शोरूममध्ये: सीटच्या सगळ्यात खोल जागेपासून फूटरेस्टच्या रबरापर्यंत तिरपं. तिसरं, त्याच जागेपासून हँडलच्या मुठीपर्यंत. ही दोन मापं आपल्या रोजच्या गाडीचीही घेऊन ठेवली की नवीन गाडी किती मोकळी आहे ते कागदावरच दिसतं. एका शोरूममध्ये टेप काढल्यावर तिथला पोरगा गडबडला, पण दुसऱ्या टोकाला धरून उभा राहिला तोच.

या सगळ्या मोजामोजीतून माझ्यापुरती एक गोष्ट पक्की झाली. सीट वर नेता येते, हँडल वर नेता येतं, पण फूटरेस्ट जिथं आहे तिथंच राहतो. तो हलवायचा म्हणजे ब्रेक आणि गिअरची सगळी जोडणी हलवायची, आणि ते काम पहिल्या क्रूझरवर कुणी करू नये. म्हणून उंच माणसानं गाडी फूटरेस्टच्या जागेवरून निवडावी आणि सीटची उंची शेवटी बघावी. सीट बुटकी असणं आपल्याला अडचणीचं नाही. दीड-दोन इंच फोम चढवूनही आपले पाय टेकणारच असतात. ही सवलत कमी उंचीच्या माणसाकडं नाही.

अव्हेंजरपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडच्या बहुतेकांची क्रूझरशी ओळख तिच्यामुळंच झाली. २००१ मध्ये कावासाकी-बजाज एलिमिनेटर आली होती, १७५ सीसीची. तिच्यातून २००५ मध्ये अव्हेंजर निघाली, आणि २०१० मध्ये २२० सीसीचं इंजिन आलं. माझ्या मित्राकडं २२० आहे, ती मी पंढरपूरपर्यंत चालवली आहे. पायांना अशी मोकळीक या किमतीत दुसरी गाडी देत नाही. फूटरेस्ट चांगले पुढं, चाकांमधलं अंतर १४९० मिलिमीटर, आणि वजन फक्त १६३ किलो, त्यामुळं पहिल्यांदा क्रूझर चालवणाऱ्याला ढकलायला, वळवायला भीती वाटत नाही. पण पाय इतके पुढं गेले की ते शरीराचा भार घेत नाहीत. सगळा भार बुडाखाली, आणि सीट खोलगट असल्यानं उंच माणूस एकाच जागी रुतून बसतो. खड्डा आला तर फूटरेस्टवर जोर देऊन बूड उचलता येत नाही, गचका थेट मणक्यात. हायवेवरच फिरणाऱ्या, सडपातळ आणि उंच तरुणानं जुनी अव्हेंजर चांगली बघून घ्यावी. पाणंदीच्या माणसाला ती झेपायची नाही.

सुपर मीटिऑर ६५० वर माझा जीव होता, हे लपवत नाही. ६४८ सीसी, दोन सिलिंडर, ४७ बीएचपी, चाकांमधलं अंतर १५०० मिलिमीटर. तिच्यावर सहा फूट दोन इंचाचा माणूस पहिल्यांदा माणसासारखा दिसतो, बाकी गाड्यांवर आपण पोरांच्या सायकलीवर बसल्यासारखे वाटतो. हँडल रुंद आहे, छाती उघडी राहते, गुडघे टाकीच्या कडेपासून मोकळे. पाय जवळजवळ सरळ होतात. सहा फूट चार इंचाच्या वरचा माणूस मला विचारेल तर मी त्याला दुसरीकडं बघूच नको म्हणेन. मी का घेतली नाही याची दोन कारणं. वजन २४१ किलो आणि जमिनीपासूनचं अंतर १३५ मिलिमीटर. आमच्याकडं गावात शिरताना पोरांनी स्वतः घातलेले मुरमाचे स्पीडब्रेकर असतात, त्यांना ना उतार ना रंग. तिथं पोट घासणार. आणि बांधाकडेला चिखलात गाडी कलली तर २४१ किलो एकट्यानं उभी करायची कशी? उंची असली म्हणून पाठ लोखंडाची होत नाही.

किमतीचाही फरक आता मोठा झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. आधी त्यांच्यावर सेस धरून ३१ टक्के पडायचे. म्हणजे ३४९ सीसीची गाडी स्वस्त झाली आणि ४४० ची महाग. पहिली क्रूझर घेणाऱ्यानं ही रेघ डोळ्यांसमोर ठेवावी, कारण वाचलेल्या पैशांत सीट, हेल्मेट, बूट आणि जॅकेट सगळं नीट होतं.

त्या रेघेच्या वर हार्ली-डेव्हिडसन एक्स ४४० आहे, हिरोच्या नीमराण्याच्या कारखान्यात बनते. सीट ८०५ मिलिमीटर, फूटरेस्ट जवळपास बुडाच्या खाली. गुडघ्यांना उत्तम, खेचायलाही भारी, ३८ न्यूटन मीटर टॉर्क आहे. पण तिच्यावर बसल्यावर क्रूझरवर बसल्यासारखं वाटत नाही, आणि मला तेच हवं होतं. होंडा हायनेस सीबी ३५० चंही तसंच. सीट ८०० मिलिमीटर, बसणं सरळ, इंजिन मऊ. ज्याला नुसती शांत, मोकळी गाडी हवी आणि पाय पुढं सोडायचा हट्ट नाही, त्या उंच माणसानं हायनेस आधी बघावी. कदाचित त्याला क्रूझर लागणारच नाही. कावासाकीची आताची एलिमिनेटर ४५१ सीसीची, फक्त १७६ किलो, चालवायला फार गोड. पण पाच लाखांच्या वर जाते, आणि त्या पैशांत आमच्याकडं ठिबक सिंचन होतं. जावा ४२ बॉबर एकाच माणसाची गाडी, मला मागं बायकोला घेऊन जायचं असतं, म्हणून तिचा विषय तिथंच मिटला.

तर २०२५ च्या दसऱ्याला मीटिऑर ३५० घरी आणली. ३४९ सीसी, २०.२ बीएचपी, २७ न्यूटन मीटर, वजन १९१ किलो, टाकी १५ लिटरची, जमिनीपासून १७० मिलिमीटर. एक्स-शोरूम दोन लाखांच्या आसपास. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेली ही गाडी २०२५ ला सुधारून आली. क्लच हलका झाला, हेडलाइट एलईडी झाला. हलक्या क्लचचं महत्त्व मिरजेच्या रेल्वे फाटकापाशी अडकल्यावर समजतं.

उंच माणसाच्या दृष्टीनं तिची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे फूटरेस्ट पुढं आहेत, पण फार पुढं नाहीत. बुडाच्या थोडेच पुढं. त्यामुळं पाय मोकळे होतात आणि वेळ पडली तर हँडल धरून बूड दोन बोटं उचलताही येतं. स्पीडब्रेकरच्या क्षणी एवढंच पुरतं. हँडल आपल्याकडं वळून येतं, म्हणून पुढं वाकावं लागत नाही. पूर्ण वळवल्यावर हँडलचं टोक गुडघ्याला लागतं का, हे उंच माणसानं प्रत्येक क्रूझरवर बघितलंच पाहिजे. गाडी उभी करून दोन्ही पाय फूटरेस्टवर, कुणाला तरी मागून धरायला सांगून, हँडल एकदा डावीकडं टोकापर्यंत आणि एकदा उजवीकडं. मीटिऑरवर माझ्या गुडघ्यापासून चारेक बोटं जागा राहते. गुडघा बाहेर फाकवून बसायची सवय असेल तर मात्र लागेल.

जशी येते तशा सीटवर माझ्या मापाच्या माणसाला गुडघा हवा त्यापेक्षा जरा जास्त दुमडतो आणि मांडीचा पुढचा भाग हवेत राहतो. मागच्या सीटची पायरी पाठीमागं सरकू देत नाही. ही सीट सरासरी उंचीच्या माणसासाठी कापलेली आहे आणि त्या माणसाला ती बरोबर बसते. आपल्याला ती आपल्या मापाची करून घ्यावी लागते, पँट अल्टर करून घेतो तशी.

सांगलीत जुन्या स्टँडकडं एक सीटवाला बसतो. त्याच्याकडं गाडी घेऊनच गेलो, नुसती सीट काढून दिली नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण उंच माणसाची सीट माणूस बसवूनच मापावी लागते. त्यानं कव्हर सोडवलं आणि मला नुसत्या फोमवर बसवलं. मागच्या पायरीचा फोम खडूनं आखून दीड इंच मागं कापला. मग खालच्या थरात कडक, दाबलेल्या तुकड्यांचा फोम भरला, वर मऊ फोमचा पातळ थर दिला, आणि पुढच्या कडेला, जिथं मांडी येते, तिथं उंची थोडी जास्त ठेवली. मऊ फोम जाड टाकू नका असं तो सगळ्यांना सांगतो. मऊ फोम शोरूममध्ये सुखाचा लागतो आणि तासाभरात बसतो, मग बूड खालच्या पत्र्यापर्यंत जातं. एकूण उंची दीड इंचानं वाढली. त्याहून जास्त फायदा मागं सरकायला मिळाल्याचा झाला. बूड मागं आणि वर गेलं, फूटरेस्ट तिथंच राहिले, म्हणजे पायाला दोन्हीकडून जागा मिळाली. गुडघा आता सैल असतो. मूळ सीट जपून ठेवायची असेल तर जुनी सीट वेगळी मिळवून तिच्यावर हे काम करावं, म्हणजे उद्या गाडी विकताना अडत नाही.

सीट वर गेली की हँडल थोडं खाली वाटायला लागतं. त्याला खालून इंचभर उंचवटा देणारे तुकडे मिळतात. ते बसवताना क्लचची केबल आणि ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, हे हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून बघायचं. गाडी चालू ठेवून फिरवताना आवाज वाढला तर ॲक्सिलेटरची केबल ओढली जाते आहे, तिथं थांबायचं. मी अजून बसवलेले नाहीत. लांब धडाच्या माणसाला लागतील.

आता काच. पुढं उंच काच लावलेली मीटिऑर दिसायला राजेशाही दिसते आणि घेणारा त्यावर भाळतो. पण काचेच्या वरच्या कडेवरून जी हवा उसळते ती कुठं आपटते, यावर सगळं अवलंबून आहे. पाच फूट आठ इंचाच्या माणसाच्या डोक्यावरून ती जाते. माझ्या हेल्मेटच्या हनुवटीवर ती येऊन आदळते, मान हलते, आणि कानात ढोल वाजतो. टेस्ट राइडला सरळ रस्त्यावर ऐंशीच्या वेगानं जाताना सीटवरून थोडं वर व्हा, मग थोडं खाली वाका. वाकल्यावर आवाज एकदम शांत झाला तर तुमचं डोकं नेमकं त्या उसळीत आहे. अशा वेळी एक तर खूप उंच काच लागते, नाहीतर काचच नको. मी बिनकाचेची घेतली. वारा छातीवर एकसारखा येतो, डोक्याभोवती हवा स्वच्छ राहते, आणि ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत काही त्रास नाही. या इंजिनाचा सुखाचा वेगही तोच आहे. नव्वदच्या पुढं ते जातं, पण ओढून नेल्यासारखं जातं. ज्याला रोज शंभरच्या पुढं पळायचं आहे त्यानं ही गाडी घेऊ नये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर दुचाकीला जायचीच परवानगी नाही, म्हणून आपल्या राज्यात तेवढा वेग रोज लागतो कुठं, हाही विचार करावा.

उंच माणूस बहुतेक वजनदारही असतो, आणि क्रूझरवर त्याचं बरंचसं वजन मागच्या शॉकअपवर येतं. मीटिऑरच्या मागच्या शॉकअपला सहा टप्पे आहेत. गाडी येते तेव्हा स्प्रिंग मऊ टप्प्यावर असू शकते, आणि त्यावर माझ्यासारखा ८८ किलोचा माणूस बसला की मागची बाजू बसते, पुढचा दिवा झाडांच्या शेंड्यांकडं बघतो. सी-आकाराच्या पान्यानं दोन्ही बाजूंचे टप्पे सारखे वाढवायचे. मी एकटा असताना चौथा, बायको मागं असताना सहावा. या पाच मिनिटांच्या कामानं गाडी वळणावर किती बदलते ते स्वतः करूनच बघा. शोरूममधून गाडी घेतानाच हे करून मागावं.

बूट अकरा नंबरचा असेल तर गिअरकडं लक्ष द्या. मीटिऑरला पुढं-मागं दोन्हीकडून दाबायचा लिव्हर आहे. मोठा बूट दोन्हींच्या मध्ये अडकल्यासारखा होतो, आणि टाच नकळत मागच्या पट्टीवर टेकते. मेकॅनिककडून लिव्हरचा कोन थोडा बदलून घेतला की पंजा खाली सहज जातो. टेस्ट राइडला रोजचे बूटच घालून जा, चप्पल घालून गेलात तर हे कळणारच नाही.

आंबा घाटातून रत्नागिरीला आम्ही दोघं जाऊन आलो. सांगलीहून कोल्हापूर, मलकापूर, मग घाट, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. मलकापूरला चहाला थांबलो तेव्हा उतरून मी सरळ चालत टपरीपर्यंत गेलो. पूर्वी उतरल्यावर आधी गाडीला धरून उभा राहायचो. घाटात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढते, खालून ओढ चांगली आहे, सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. वळणं रुंद घ्यावी लागतात, १९१ किलो आणि लांब गाडी आहे, आधीच्या हलक्या गाडीसारखी ती पटकन आडवी होत नाही. उतारावर खालच्या गिअरमध्ये राहून दोन्ही ब्रेक मिळून वापरावेत. क्रूझरवर वजन मागं असतं, म्हणून मागचा ब्रेकही छान लागतो, पण उतारावर नुसत्या त्याच्यावर विसंबू नये. ॲव्हरेज लिटरला पस्तीस किलोमीटरच्या आसपास पडतं.

मागं बसणाऱ्याचं मात्र सीट कापताना विसरू नका. माझ्यासाठी दीड इंच मागं सरकवल्यावर मागची जागा तेवढीच कमी झाली. बायको पाच फूट दोन इंचांची, तिला चालली. "तुमची पाठ भिंतीसारखी पुढं असते, मला काय दिसायचं राहिलंय," असं ती म्हणाली, पण पाठीमागं टेका लावून घ्या हे तिनंच सुचवलं आणि तो लावल्यावर घाटात ती निवांत होती. जोडीदारही उंच असेल तर सीट कापण्याआधी दोघांना एकदम बसवून मापं घ्या.

शोरूमबद्दल एक सांगणं गरजेचं आहे. एका ठिकाणी मला टेस्ट राइड म्हणून फक्त समोरच्या चौकापर्यंत नेऊन आणलं. एवढ्यात कुठलाही गुडघा दुखत नाही आणि कुठलीही सीट मऊ लागते. उंचीचा त्रास विसाव्या मिनिटानंतर बोलायला लागतो. मी सरळ सांगितलं की अर्धा तास गाडी द्या, पेट्रोल मी टाकतो, सोबत तुमचा माणूस बसवा. तिथं नाही म्हणाले, दुसरीकडं हो म्हणाले, आणि गाडी दुसरीकडून घेतली. सकाळी, आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर त्यांच्याकडंही वेळ असतो. शनिवार-रविवारी जाऊ नका. आणि जी गाडी देतील तिला काच असेल तर ती उतरवून एकदा, लावून एकदा, अशी दोन्ही प्रकारे मागा.